ॲमेझॉनची बोली बोलणारे इतर ढग

मागच्या व्याख्यानात आपण संगणक भाड्याने द्यायची कल्पना कुठून आली ते पाहिलं. आज त्याच इतिहासातला एक तुकडा घेऊ, जो सहसा तंत्रज्ञांच्या आपसातल्या भांडणापुरताच राहतो. पण ज्याची फाइल, ज्याचा हिशेब, ज्याचे फोटो कुठल्या तरी क्लाउडवर पडलेले आहेत, त्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे. म्हणजे आपल्या सगळ्यांशीच.

सुरुवात एका बारीक तपशिलाने करू. फाइली साठवायची सेवा देणाऱ्या कंपन्या आज पुष्कळ आहेत: क्लाउडफ्लेअर, बॅकब्लेझ, वसाबी, डिजिटलओशन. यांच्यापैकी कुणाकडेही ‘एस-थ्री’च्या पद्धतीने फाइलींची यादी मागा. परत येणाऱ्या उत्तराच्या माथ्यावर साधारणपणे एक पत्ता असतो, त्या पत्त्यात ॲमेझॉनचं नाव असतं, आणि शेवटी एक तारीख: २००६-०३-०१. उत्तर देणारी कंपनी ॲमेझॉनची प्रतिस्पर्धी आहे. तिच्या यंत्रांशी ॲमेझॉनचा काडीचा संबंध नाही. तरी तिच्या प्रत्येक उत्तरावर ॲमेझॉनचा शिक्का, आणि तोही २००६ सालचा. हे असं का झालं, हा आजचा विषय.

आधी एपीआय म्हणजे काय ते एका वाक्यात सांगून टाकू, कारण श्रोत्यांमध्ये सगळेच प्रोग्रामर नाहीत. बँकेत पैसे भरायला गेलो की आपण स्लिप भरतो. कोणत्या चौकटीत खाते क्रमांक, कुठे रक्कम, कुठे सही, हे ठरलेलं असतं. आत तिजोरी कुठे आहे, नोटा कोण मोजतं, याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला द्यायची अशी स्लिप, आणि ती कशी भरायची याचे नियम. आता समजा, दुसऱ्या एका बँकेने जाहीर केलं की ‘त्या मोठ्या बँकेची स्लिप आमच्या खिडकीवरही चालेल’. ग्राहकाची मोठीच सोय! पण उद्या मोठ्या बँकेने स्लिपवर एक चौकट वाढवली तर?

अशी नक्कल संगणकाच्या जगात नवी नव्हती. आयबीएमच्या सिस्टिम ३६० या यंत्रांच्या रचनेत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या जीन ॲमडाल यांनी आयबीएम सोडली आणि १९७५ साली आयबीएमचेच प्रोग्राम चालवणारं आपलं यंत्र ग्राहकाकडे पोचवलं. पुढे १९८२ मध्ये कॉम्पॅकने आयबीएम पीसीशी सुसंगत असा उचलून नेता येण्याजोगा संगणक जाहीर केला. या जुन्या कहाण्या आणि क्लाउडची कहाणी यांत एक फरक आहे आणि तो आज शेवटपर्यंत लक्षात ठेवायचा आहे. विकलेलं यंत्र ग्राहकाच्या टेबलावर असतं. आयबीएमला ते रात्रीतून बदलता येत नव्हतं, त्यामुळे नक्कल करणाऱ्यासमोर एक स्थिर नमुना होता. क्लाउडमध्ये मूळ वस्तू मालकाच्याच घरात राहते. तो ती कधीही बदलू शकतो, आणि तुम्हाला कळतं ते बदलून झाल्यावर.

१४ मार्च २००६ ला ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली. दर होता महिन्याला गिगाबाइटमागे १५ सेंट. ऑगस्टमध्ये ईसी-टू आली, म्हणजे तासावर भाड्याने मिळणारा संगणक: पावणेदोन गिगाबाइट मेमरी, १६० गिगाबाइट डिस्क, तासाला १० सेंट. क्रेडिट कार्ड असलेला कुणीही विद्यार्थी रात्री दोन वाजता दहा संगणक मागवून चार वाजता परत करू शकत होता. मागणी करायची ती एका साध्या वेबविनंतीने: कोणतं चित्र चढवायचं, कमीत कमी किती यंत्रं, जास्तीत जास्त किती, कोणत्या आकाराची. (इथे ‘चित्र’ म्हणजे यंत्राच्या डिस्कची आयती प्रत, तंत्रज्ञ तिला इमेज म्हणतात.) ही स्लिप छोटी होती, आणि तिची माहिती जाहीरपणे लिहिलेली होती.

आता आपण कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या विद्यापीठात जाऊ. तिथे रिच वोल्स्की आणि त्यांचे सहकारी अनेक ठिकाणचे संगणक जोडून शास्त्रीय गणितं सोडवण्याच्या प्रकल्पावर काम करत होते. क्लाउडचा अभ्यास करायचा तर क्लाउड आतून पाहायला हवा, आणि ॲमेझॉनचा क्लाउड तर बंद पेटी. मग त्यांनी स्वतःच एक बांधला आणि बाहेरची स्लिप मात्र ॲमेझॉनची ठेवली. यात लबाडी नव्हती, व्यवहार होता. ॲमेझॉनसाठी लिहिलेली साधनं आयती मिळणार होती, आणि विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत लिहिलेला प्रोग्राम उद्या खऱ्या ॲमेझॉनवर चालणार होता. २००८ मध्ये हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं. नाव युकॅलिप्टस. त्यातल्या साठवणुकीच्या भागाला त्यांनी वॉलरस म्हटलं आणि तो एस-थ्रीची बोली बोलत होता. २००९ मध्ये याचीच कंपनी झाली. उबुंटूने आपल्या क्लाउडसाठी युकॅलिप्टस घेतलं. २०१० मध्ये मायएसक्यूएलचे माजी प्रमुख मार्टेन मिकोस कंपनीचे मुख्य अधिकारी झाले.

नक्कल किती खोल जाते याचं एक उदाहरण इथेच देऊन टाकतो. ईसी-टूवरच्या यंत्राला ‘मी कोण, माझी ओळख काय’ असं विचारायचं असेल तर ते एका ठरावीक पत्त्यावर विचारतं: १६९.२५४.१६९.२५४. ॲमेझॉनच्या कुणा अभियंत्याने निवडलेला आकडा. युकॅलिप्टसने तो घेतला, ओपनस्टॅकने घेतला, आणि आज गूगल, मायक्रोसॉफ्ट, डिजिटलओशन यांच्या यंत्रांवरही तोच पत्ता उत्तर देतो. म्हणजे ज्यांनी ॲमेझॉनची स्लिप घ्यायला नकार दिला, त्यांच्याही स्लिपच्या कोपऱ्यात हा आकडा राहिला आहे.

आता नासा. कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्राने नेब्युला नावाचा आपला क्लाउड युकॅलिप्टसवर उभा केला. मोठ्या आकाराला तो पुरेना. शिवाय युकॅलिप्टसचा काही भाग खुला आणि काही फक्त पैसे देणाऱ्यांसाठी होता. नासाच्या क्रिस केम्प यांनी नंतर सांगितलं की त्यांच्या अभियंत्यांनी केलेल्या सुधारणा कंपनीने घेतल्या नाहीत, कारण त्या कंपनीच्या विकाऊ आवृत्तीच्या आड येत होत्या. तेव्हा त्यांनी स्वतःचं नियंत्रक सॉफ्टवेअर लिहिलं, नोव्हा. रॅकस्पेस ही होस्टिंग कंपनी आपलं साठवणुकीचं सॉफ्टवेअर घेऊन सामील झाली आणि जुलै २०१० मध्ये दोघांनी मिळून ओपनस्टॅक जाहीर केलं.

या घरात पहिल्या दिवसापासून दोन स्लिपा होत्या. नोव्हा मुळात ॲमेझॉनची स्लिप ओळखत होतं. रॅकस्पेसकडे स्वतःची होती, आणि ओपनस्टॅकची ‘आपली’ म्हणून जी वाढली ती रॅकस्पेसच्या वळणाची. काही वर्षं दोन्ही चालल्या. मात्र एकीची रोज देखभाल होत होती आणि दुसरी मागच्या खोलीत पडून होती.

वाद जाहीरपणे पेटला तो जुलै २०१३ मध्ये. क्लाउडस्केलिंग कंपनीच्या रँडी बायस यांनी ओपनस्टॅकच्या मंडळींना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: सार्वजनिक क्लाउडची लढाई ॲमेझॉनने जिंकली आहे, हे मान्य करा. कंपन्यांना थोडं काम स्वतःच्या इमारतीत आणि थोडं ॲमेझॉनवर करायचं आहे. त्यांना एकच बोली दोन्हीकडे चालायला हवी. वेगळी स्लिप छापून आपण कुणाचं भलं करतोय? एका पुरवठादाराचं? हा शेवटचा टोला रॅकस्पेसला होता. रॅकस्पेसकडून रॉबर्ट स्कोबल यांनी उत्तर दिलं. विरोधी बाजूचा युक्तिवाद असा होता: दुसऱ्याची स्लिप घेतली की तुम्ही कायमचे त्याच्या मागे. त्याने आज जे केलं ते तुम्ही सहा महिन्यांनी करणार. नवं काही सुचलं तरी ते त्याच्या चौकटीत बसवावं लागणार. आणि त्याने चौकट बदलली तर तक्रार कुणाकडे करायची? याच्या दोन वर्षं आधी उबुंटूच्या मार्क शटलवर्थ यांनी मांडलं होतं की नवेपणा आत, अंमलबजावणीत दाखवा, बाहेरची भाषा जुनीच राहू द्या. वेबचं उदाहरण पाहा, एकच एचटीटीपी आणि हजार प्रकारचे सर्व्हर.

आम्हाला विचाराल तर दोघांचंही निदान बरोबर होतं आणि दोघांचीही औषधं चुकली. पुढे काय झालं ते पाहा. ओपनस्टॅकने २०१५ च्या किलो आवृत्तीत नोव्हामधली ॲमेझॉनची स्लिप मोडीत काढायचं जाहीर केलं आणि २०१६ च्या मिताका आवृत्तीत ती काढून टाकली. हवी त्यांच्यासाठी वेगळा प्रकल्प ठेवला. स्वतंत्र बाण्याची बाजू जिंकली म्हणायची. पण त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१५ मध्ये, रॅकस्पेस स्वतःच ॲमेझॉनच्या ग्राहकांना सांभाळून देण्याची सेवा विकू लागली, आणि एचपीने ओपनस्टॅकवर उभा केलेला सार्वजनिक क्लाउड जानेवारी २०१६ अखेर बंद करत असल्याचं सांगितलं. दुसरीकडे, नक्कल करणाऱ्यांचंही बरं झालं असं नाही. मार्च २०१२ मध्ये युकॅलिप्टसने थेट ॲमेझॉनशी करार केला होता. म्हणजे नकलेला मालकाचा आशीर्वाद मिळाला! २०१४ मध्ये एचपीने ती कंपनी विकत घेतली आणि काही वर्षांत ते नाव बाजारातून पुसलं गेलं. कारण समजण्यासारखं आहे. ईसी-टूची स्लिप २००८ मध्ये लहान होती, पण ॲमेझॉन दर वर्षी तिला डझनावारी नव्या सेवा जोडत गेलं. छोट्या कंपनीने किती धावायचं?

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: ‘एखाद्या संस्थेने सर्वांसाठी एक प्रमाण स्लिप का ठरवली नाही?’ चांगला प्रश्न. ठरवली होती. साठवणुकीसाठी सीडीएमआय नावाचं प्रमाण होतं आणि २०१२ मध्ये ते आयएसओचं अधिकृत मानक झालं. यंत्रं मागवण्यासाठी ओसीसीआय होतं. समित्या बसल्या, दस्तऐवज निघाले. पण प्रोग्रामर समितीचं प्रमाण शोधत नाही. ज्याच्यासाठी तयार ग्रंथालयं, म्हणजे लायब्ररी, मिळतात आणि अडलं तर उत्तर सापडतं, ते तो वापरतो. ॲमेझॉनची स्लिप कुणी प्रमाण म्हणून मंजूर केली नाही. ती फक्त सगळ्यांच्या खिशात होती.

संगणक भाड्याने देण्याच्या बाबतीत नक्कल हरली. साठवणुकीत मात्र ती जिंकली. फाइल ठेवा, फाइल द्या, यादी द्या, पुसून टाका. एस-थ्रीचा गाभा एवढाच, आणि तो फारसा हलला नाही. गूगलने आपल्या साठवणुकीत एस-थ्रीची साधनं चालतील अशी सोय ठेवली. सेफने ठेवली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिनआयओने तर तेवढंच काम हाती घेतलं.

यात बॅकब्लेझची गोष्ट आम्हाला सगळ्यात बोलकी वाटते. त्यांनी २०१५ मध्ये बी-टू नावाची स्वस्त साठवण आणली आणि मुद्दाम स्वतःची वेगळी स्लिप केली. कारण तांत्रिक होतं आणि चोख होतं. एस-थ्रीच्या पद्धतीत सगळ्या फाइली एकाच दारातून येतात, त्यामुळे त्या दाराशी रहदारी वाटून देणारी महागडी यंत्रणा लागते. बॅकब्लेझची पद्धत अशी की आधी विचारा ‘कुठे ठेवू?’, मग जो पत्ता मिळेल त्या यंत्राकडे थेट फाइल पाठवा. मधली यंत्रणा वाचली, खर्च वाचला, दर उतरले. अभियांत्रिकी म्हणून उत्तम. पण ग्राहकाकडचं साधन एस-थ्रीचीच बोली जाणत असेल तर त्याला स्वस्त दराचा उपयोग काय? अखेर मे २०२० मध्ये त्यांनी एस-थ्रीची स्लिप स्वीकारली. जी महागडी यंत्रणा टाळली होती, तीच शेवटी उभारावी लागली.

आणि स्लिप स्वीकारणं म्हणजे फक्त दस्तऐवज वाचून चौकटी जुळवणं नव्हे. लोक दस्तऐवजावर नाही, प्रत्यक्ष वागण्यावर विसंबतात. फाइल चढवली की एस-थ्री एक खूणशब्द परत देतं. फाइल एका तुकड्यात चढवली असेल तर तो बहुतेक वेळा फाइलीचा एमडी-फाइव्ह ठसा असतो. तो प्रत्येक वेळी तसाच असेल असं ॲमेझॉन सांगत नाही, पण कित्येक बॅकअप साधनं तसं धरून चालतात. मग नक्कल करणाऱ्यालाही तसंच वागावं लागतं. मूळ एस-थ्रीत तर अनेक वर्षं एक उणीव होती: फाइल बदलल्यावर लगेच वाचली तर कधीकधी जुनीच मिळायची. हडूपच्या मंडळींनी त्यावर उपाय म्हणून एस-थ्री-गार्ड नावाचा वेगळा भाग लिहिला. गूगलच्या साठवणुकीत ही अडचण नव्हती. तिथे लिहिलेलं लगेच वाचता येत होतं. ॲमेझॉनने ती उणीव डिसेंबर २०२० मध्ये दूर केली.

सहीचंही तसंच. विनंतीवर गुप्त किल्लीने सही करायची असते. जुनी पद्धत दुसरी, नवी चौथी. जानेवारी २०१४ नंतर उघडलेल्या ॲमेझॉनच्या केंद्रांत फक्त चौथी चालते. मुंबईचं केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झालं, म्हणजे तिथे पहिल्या दिवसापासून चौथीच. ज्या साधनांना फक्त दुसरी येत होती ती मुंबईत मुळात चाललीच नसती. तीच साधनं काही नकलांवर मात्र आरामात चालत होती, कारण त्या नकला जुनी सहीही घेत होत्या. मूळ मालकाने जुनं टाकलं तरी ते भाडेकरूंच्या माळ्यावर सापडतं.

आता कायद्याचा भाग. स्लिपवर मालकी हक्क सांगता येतो का? ऑगस्ट २०१० मध्ये, म्हणजे ओपनस्टॅक जाहीर झाल्यावर महिन्याभरात, ओरेकलने गूगलवर दावा लावला की अँड्रॉइडमध्ये जावाच्या एपीआयच्या सुमारे ११,५०० ओळी उचलल्या आहेत. २०१२ मध्ये खालच्या न्यायालयाने म्हटलं, एपीआयला कॉपीराइट नाही. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने ते उलटवलं. युकॅलिप्टस, ओपनस्टॅक, सेफ, मिनआयओ ही सगळी घडली ती या अनिश्चिततेच्या छायेत. खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा एक गंमत पुढे आली: ओरेकलच्या स्वतःच्या क्लाउडमध्ये एस-थ्रीशी सुसंगत एपीआय होता, आणि त्याच्या नावातच ॲमेझॉन आणि एस-थ्री हे शब्द होते. ओरेकलचं म्हणणं, ॲमेझॉनने आपली विकासकांची साधनं खुल्या परवान्याखाली दिली आहेत, तेव्हा आमचं प्रकरण वेगळं. असेल. पण ज्याच्या वकिलाने वर्षानुवर्षं सांगितलं की एपीआय उचलणं म्हणजे चोरी, त्याच्याच दुकानात शेजाऱ्याची स्लिप ठेवलेली पाहून कुणालाही हसू येईल. ५ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलचा वापर न्याय्य ठरवला. एपीआयला कॉपीराइट असतो की नाही हा मूळ प्रश्न मात्र न्यायालयाने बाजूला ठेवला. म्हणजे दार उघडं आहे, पण बिजागरीची खात्री नाही.

मग ग्राहकाच्या हाती काय लागलं? एस-थ्रीपुरतं तरी असं की प्रोग्राममधला एक पत्ता बदलला, किल्ल्या बदलल्या, की दुकान बदलता येतं. निदान कागदावर. प्रत्यक्षात साठवलेला माल बाहेर काढायला गिगाबाइटमागे पैसे पडतात, आणि लाखो फाइली हलवायच्या तर ती रक्कम लहान नसते. क्लाउडफ्लेअरने २०२१ मध्ये आर-टू जाहीर केलं तेव्हा त्याची जाहिरातच ही होती: स्लिप एस-थ्रीची, माल बाहेर न्यायला आकार नाही. युरोपीय संघाचा डेटा कायदा आल्यावर २०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचं सोडून जाणाऱ्यांकडून हा आकार घेणं थांबवलं. सुसंगततेने जे साधलं नव्हतं त्यातलं काही कायद्याच्या दबावाने साधलं.

शेवटची घटना अगदी अलीकडची आहे. जानेवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या विकासकांच्या साधनांत एक बदल केला. फाइल चढवताना ती वाटेत खराब झाली नाही ना हे तपासायला एक नवा ताळा आपोआप जोडला जाऊ लागला. ॲमेझॉनच्या ग्राहकांसाठी ही चांगलीच गोष्ट. पण हीच साधनं वापरून लोक दुसऱ्यांच्या ढगांशी बोलत होते. त्यांनी नेहमीप्रमाणे लायब्ररीची नवी आवृत्ती घेतली, आणि चालू असलेल्या बऱ्याच ठिकाणी फाइली चढणं बंद पडलं, कारण समोरच्या खिडकीला ही नवी चौकट माहीत नव्हती. कुणीही कुठला नियम मोडला नव्हता. ॲमेझॉनने स्वतःची साधनं सुधारली होती, नक्कल करणाऱ्यांनी काही बदललं नव्हतं, ग्राहकाने तर फक्त अद्ययावत राहायचा सल्ला पाळला होता. मग पुरवठादारांनी घाईने सूचना लावल्या: तूर्त जुनी आवृत्तीच ठेवा, किंवा ‘गरज असेल तेव्हाच ताळा जोडा’ असं एक कलम भरा. काहींनी काही आठवड्यांत आपली खिडकी दुरुस्त केली. ते कलम मात्र कितीतरी प्रोग्रामांच्या मांडणीत तसंच राहून गेलं आहे. आपल्यापैकी जे हे काम करतात त्यांनी घरी गेल्यावर आपल्या मांडणीच्या फाइलीत डोकावून पाहावं. बहुधा ते कुणी आणि का घातलं हे तिथे लिहिलेलं नसेल.